चकली चांगली आहे हो, पण ऑर्डर कुठून आणायची? घरगुती फराळवाल्यांसाठी सोशल मीडिया गाइड

सध्या प्रत्येक सोसायटीत एक तरी घर फराळ, मसाले, मोदक, केक असं काहीतरी विकतंच. मी डोंबिवली-ठाणे भागातल्या अशा घरगुती धंद्यांची पेजेस सांभाळते, आणि नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई फॉलोअर कसे वाढवायचे?" मी म्हणते फॉलोअर नंतर बघू, आधी मला सांगा या दिवाळीत तुम्हाला किती किलो झेपणार आहे? कारण घरात एक शेगडी, एक सोऱ्या आणि मदतीला फार तर सासूबाई असतील तर दहा हजार फॉलोअर घेऊन करणार काय, त्यांनी खरंच ऑर्डरी दिल्या तर पळता भुई थोडी होईल. तुम्हाला हवीयत साठ-सत्तर घरं, जी दरवर्षी दुसरीकडे न विचारता तुम्हालाच फोन करतील. सोशल मीडिया वापरायचा तो ही साठ-सत्तर घरं शोधायला आणि टिकवायला. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने आहे. दिवाळी फराळ धरून सांगतेय कारण बहुतेकींची सुरुवात तिथूनच होते, पण मोदक, उन्हाळ्यातले पापड-कुरडया, लोणची, लग्नाचं रुखवत, कशालाही हेच लागू पडतं.

पायरी १: मोबाईल बाजूला ठेवा, वही घ्या

पहिलं पान, मी काय विकते. "सर्व प्रकारचा फराळ मिळेल" हे लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुमचा असा एक पदार्थ कोणता की जो खाऊन पाहुणे विचारतात "कुठून आणलं?" तोच तुमचा चेहरा. चकली असेल तर चकली, बाकी लाडू-शेव-चिवडा मागून येऊ दे. लोकांच्या डोक्यात एकाच गोष्टीने जागा मिळते, "अगं ती भाजणीची चकली करते ना ती", एवढं झालं की अर्धं काम झालं.

दुसरं पान, कोण घेतं. "सगळेच" हे उत्तर नाही. माझ्या बघण्यात फराळाचं गिऱ्हाईक मुख्यतः तीन प्रकारचं असतं. एक, नोकरी करणारी तिशी-चाळिशीतली बाई, जिला करता येतं पण वेळ नाही, आणि घरच्यासारखं हवंय. दोन, साठीपुढचं जोडपं, ज्यांची मुलं अमेरिका-इंग्लंड-दुबईला आहेत आणि त्यांना पार्सल पाठवायचंय. तीन, ऑफिस किंवा छोटा कारखाना, ज्यांना दिवाळीला स्टाफला द्यायला एकसारखे बॉक्स हवेत. आता हे तिघं एकाच जागी सापडत नाहीत. पहिली इन्स्टाग्रामवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. दुसरे फेसबुक बघतात आणि व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं वाचतात, अगदी सगळं. तिसऱ्याला पोस्ट बघून फरक पडत नाही, त्याला ओळखीतून एक सॅम्पल बॉक्स आणि रेटकार्ड गेलं पाहिजे. पहिल्या वर्षी यातला एकच किंवा फार तर दोन प्रकार धरा. सगळीकडे अकाउंट उघडून ठेवायची आणि सगळीकडे धूळ, असं करू नका. मागच्या वर्षीची गणपतीची शुभेच्छा पोस्ट सगळ्यात वर दिसली की लोकांना वाटतं धंदा बंद पडला.

तिसरं पान, किंमत. इथे फार लिहीत नाही, फक्त एवढंच की तेल, डाळी, गॅस, पाऊच, लेबल, रिक्षा आणि तुमची मजुरी हे सगळं धरा. मजुरी धरायला बायका विसरतात, विसरतात म्हणजे लाजतात. मग जाहिरातीला पैसे कुठून काढणार?

आणि एक सरकारी काम आधीच उरका, एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही ती लागते, फॉसकॉस नावाच्या त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन होते आणि १४ अंकी नंबर मिळतो. तो लेबलवर, इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये (नावाखालची ओळख), कॅटलॉगवर, सगळीकडे टाका. परकं माणूस पहिल्यांदा ऑर्डर देताना तो बघून निर्धास्त होतं.

पायरी २: व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा

इन्स्टाग्रामच्या आधी हे, कारण फराळाची ऑर्डर शेवटी येते व्हॉट्सॲपवरच. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, जानेवारी २०१८ मध्ये आलं, फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, जुन्या फोनमध्ये पडलेलं असेल तरी चालेल. घरचा लँडलाइन असेल तर तोही चालतो, कोड कॉलवर येतो. वेगळा नंबर का, तर रात्री अकराला "ताई चिवडा आहे का" आलं की ते तुमच्या माहेरच्या ग्रुपमध्ये मिसळू नये.

मग या गोष्टी करा. प्रोफाइलमध्ये नाव, भाग, वेळ. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा एक फोटो, वजन, किंमत. ऑर्डर बंद असतानाच्या वेळेसाठी अवे मेसेज, "तळण चालू आहे, संध्याकाळी सहानंतर उत्तर देते" असा साधा लिहा, कंपनीसारखं "आपण आम्हाला संपर्क केल्याबद्दल धन्यवाद" वगैरे नको. लेबल्स आयती असतात, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण, तीच वापरा, दिवाळीच्या गर्दीत कोणाचे पैसे राहिले ते एका नजरेत दिसतं.

आणि क्विक रिप्लाय. हे एक जरी नीट केलं तरी दिवसाचा तासभर वाचतो. लोक तेच तेच विचारतात, तेल कोणतं, डालडा आहे का, कांदा-लसूण आहे का, किती दिवस टिकेल, घरपोच देता का. मग असं एक उत्तर करून ठेवायचं (आकडे नमुन्याचे, तुमचे तुम्ही टाका):

"नमस्कार! भाजणीची चकली पाव किलो १५० रु., अर्धा किलो २९० रु., एक किलो ५६० रु. शेंगदाणा तेलात तळलेली, डालडा नाही, कांदा-लसूण नाही. हवाबंद डब्यात साधारण तीन आठवडे छान राहते. डोंबिवलीत घरपोच ४० रु., बाहेरगावी कुरिअर वजनाप्रमाणे. ऑर्डरसाठी फक्त पदार्थ, वजन आणि कोणत्या तारखेला हवं ते लिहून पाठवा, मी लगेच कन्फर्म करते."

शेवटची ओळ महत्त्वाची. समोरच्याने पुढे नेमकं काय करायचं ते सांगितलं नाही तर तो "ओके, कळवते" म्हणतो आणि परत कधी कळवत नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगवेगळा जाईल असा पाठवायची सोय, तिच्याबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या वेळी न लाजता सांगायचं, "नंबर सेव्ह करून ठेवा हं, पुढच्या वेळी बुकिंग सुरू झालं की कळवीन." स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह असतील तरच दिसतं. आणि रोज सकाळी सुविचार पाठवू नका कृपया. महिन्याला एक-दोन मेसेज, तेही कामाचे. लोक कंटाळून ब्लॉक करतात आणि ब्लॉक केल्याचं तुम्हाला कळतही नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी ॲडमिनला विचारा. बऱ्याच ग्रुपवर जाहिरातीला ठरलेला वार असतो. न विचारता टाकलं की एखादे काका नियम क्रमांक चार वाचून दाखवतात आणि चकली राहते बाजूला, भांडणच लक्षात राहतं.

पायरी ३: इन्स्टाग्रामचं दुकान मांडा

अकाउंट प्रोफेशनल करून घ्या, सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत होतं, म्हणजे इनसाइट्स (किती लोकांनी काय बघितलं त्याचे आकडे) दिसतात आणि संपर्काचं बटण मिळतं. एक तोटा आहे, बिझनेस अकाउंटला बरीचशी गाजलेली गाणी वापरता येत नाहीत. मला तर ते बरंच वाटतं, तळणाचा आवाज गाण्यापेक्षा भारी असतो.

नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव टाकू नका. तो रकाना सर्चमध्ये येतो. "अमुक होममेड्स" शोधायला कोणाला तुमचं नाव माहीत आहे? त्यापेक्षा नावापुढे "चकली, फराळ, डोंबिवली" असं टाका. आणि बायोमध्ये चार ओळी पुरतात, काय मिळतं, कुठे पोचवता, ऑर्डर कशी द्यायची, एफएसएसएआय नंबर. खाली व्हॉट्सॲपची लिंक. "पॅशनेट फूडी, मॉम ऑफ टू, ड्रीमर" हे सगळं गोड आहे पण त्यातून चकली कितीला ते कळत नाही.

वर पिन करायच्या तीन पोस्ट: रेटकार्ड, ऑर्डर कशी द्यायची, आणि लोकांचे अभिप्राय. नवीन माणूस पेजवर येतं ते अर्धा मिनिट बघतं आणि जातं, तेवढ्यात हे तिन्ही दिसलं पाहिजे.

आता किंमतीवर जरा बोलते, कारण हा माझा जुना राग आहे. "प्राइस डीएम करा", "किंमत इनबॉक्स केली आहे". का? लपवण्यासारखं काय आहे त्यात? बायकांना वाटतं की त्यामुळे मेसेज येतात आणि मग आपण पटवतो. माझा अनुभव उलटा, ज्याला किंमत विचारायला संकोच वाटतो तो निघून जातो, आणि जे विचारतात त्यातले निम्मे आकडा ऐकून गप्प होतात, म्हणजे तुमचा वेळ गेला तो गेलाच. किंमत उघड लिहा. महाग वाटेल त्याला वाटू दे, तो तुमचं गिऱ्हाईक नव्हताच. उलट शेजारी एक ओळ लिहा की शेंगदाणा तेल आहे, भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणलेली आहे, मग ज्याला फरक कळतो तो घेतोच.

पायरी ४: रोज काय टाकायचं हा प्रश्न

रोज टाकायचं नाही, हे पहिलं उत्तर. आठवड्याला दोन रील आणि स्टोरीवर जमेल तसं, एवढं नेमाने झालं तरी खूप आहे.

रील्स भारतात जुलै २०२० मध्ये आले, टिकटॉक बंद झाल्यावर लगेच. तेव्हापासून नवीन माणसापर्यंत पोचायला फोटोपेक्षा रीलच चालतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की रील किती वेळ बघितलं जातं, लाइक किती, आणि लोक ते एकमेकांना किती पाठवतात या तीन गोष्टी सगळ्यात जास्त मोजल्या जातात, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत जायला ते 'पाठवणं' जास्त कामाचं. आता विचार करा, चकलीचं रील एक बाई दुसरीला कधी पाठवेल? "आमच्याकडे चकली मिळेल" हे कोणी कोणाला पाठवत नाही. "चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते" हे ती आपल्या बहिणीला नक्की पाठवेल.

तर हेच रील कसं करायचं ते सांगते. सकाळी दहाच्या सुमारास, खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद. फोन कशाला तरी टेकवून उभा ठेवा, डाळीचा डबा चालतो. पहिल्याच सेकंदाला चकली फोनच्या जवळ आणून मोडा, तो कट्ट आवाज आला पाहिजे, त्यासाठी पंखा आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद. मग तुमच्या आवाजात सरळ बोला, "गॅस मोठा ठेवला की चकली वरून पटकन लाल होते, आत कच्ची राहते आणि तीच दुसऱ्या दिवशी मऊ पडते. सोडल्यावर बुडबुडे जोरात येतात ना, ते कमी होईपर्यंत थांबायचं, मगच काढायची." हे बोलताना कढईतले बुडबुडे जवळून दाखवा, आधी भरपूर, नंतर शांत. शेवटी जाळीच्या झाऱ्यावर निथळणारी चकली आणि एक ओळ, "वेळ नसेल तर आम्ही करून देतो, दसऱ्यापासून बुकिंग." संपलं. वीस-पंचवीस सेकंद. तुमचा चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू, हात पुरतात. बांगड्यांचा आवाज येऊ दे, नेलपेंट मात्र काढा, लोक लगेच कमेंटमध्ये येतात.

"पण मी सगळं सिक्रेट सांगितलं तर लोक घरीच करतील ना?" हा प्रश्न हमखास येतो. अहो ज्यांना घरी करायची आहे ते तशीही तुमच्याकडून घेणार नव्हते. बाकीच्यांना ते बघून एवढंच कळतं की या बाईला यातलं कळतं, आणि हे आपल्याच्याने होणार नाही.

असे विषय तुमच्याकडे ढिगाने आहेत. अनारसा तुपात हसतो तेव्हा काय चुकलेलं असतं. पातळ पोह्यांचा चिवडा चामट का होतो. बेसन किती वेळ भाजायचं, वासावरून कसं ओळखायचं. मोहन जास्त झालं तर काय होतं. याशिवाय पॅकिंग करतानाचं, पार्सलच्या ढिगाचं, "आज ठाण्याला पाच डबे निघाले" असं स्टोरीवर टाका, त्याने लोकांना दिसतं की बाकीचेही घेतायत.

भाषा मराठीच ठेवा, बोलता तशी. गावाचं, भागाचं नाव बोलण्यातही येऊ दे आणि कॅप्शनमध्येही. हॅशटॅगचा डोंगर नको, चार-पाच नेमके पुरे. लाख व्ह्यू आले आणि त्यातले नव्वद हजार लोक नागपूर, बेळगाव, इंदूरचे असले तर तुम्ही डबा पोचवणार कसा? कुरिअर करत असाल तर गोष्ट वेगळी.

लोकांचे अभिप्राय टाकताना समोरच्याचं नाव, नंबर, फोटो झाका आणि आधी विचारा. स्क्रीनशॉट टाकायच्या घाईत हे राहून जातं.

पायरी ५: कालनिर्णय समोर ठेवून उलटं मोजा

खरी स्ट्रॅटेजी म्हणाल तर ती ही. बहुतेक जणी वसुबारसेच्या आठवड्यात "ऑर्डर सुरू" टाकतात, तेव्हा लोकांची घरं भरलेली असतात. मी साधारण असं लावते:

गणपती उठले की पितृपक्ष लागतो, त्यात ऑर्डरी फारशा येत नाहीत, म्हणून ते पंधरा दिवस आपले. फोटो काढा, रेटकार्ड करा, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी साफ करा, चार रील करून ठेवा. नंतर हाताला तेल लागलं की शूटिंग होत नाही.

घटस्थापनेला जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट, "तुमच्यासाठी बुकिंग आधी उघडतेय, दसऱ्याला सगळ्यांसाठी." हे खरोखर पाळा, लोकांना मान दिल्यासारखं वाटतं आणि तुम्हाला अंदाज येतो. नवरात्रात सॅम्पल, पन्नास ग्रॅमचं पाऊच, फुकट नको, दहा-वीस रुपये घ्याच.

परदेशी पार्सलवाल्यांसाठी वेगळा मेसेज, नवरात्रातच, "कोजागरीपर्यंत माल निघेल." काका-काकू शेवटच्या आठवड्यात जागे होतात आणि मग कुरिअरवाल्यांकडे ही गर्दी. कोणत्या देशात काय चालतं ते कुरिअरवाल्याला दरवर्षी नव्याने विचारा, नियम बदलत राहतात.

दसऱ्याला सगळीकडे पोस्ट, पेड ॲडही याच सुमारास. कोजागरीनंतर रोज स्टोरीवर "चकली इतकी किलो राहिली" असं टाका, पण खरं टाका. संपली की "बुकिंग बंद" लिहा आणि मोह आवरा. जास्तीच्या ऑर्डरी घेऊन माल बिघडला की पुढच्या वर्षीचंही गिऱ्हाईक गेलं. वसुबारसेपासून पुढे फक्त डिलिव्हरी आणि स्टोरीवर आभार.

दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत एक साधा मेसेज प्रत्येकाला, शक्यतो ब्रॉडकास्ट न करता एकेकाला, "फराळ कसा वाटला? काही कमी-जास्त असेल तर मोकळेपणाने सांगा." यातून जे कळतं ते कुठल्याच इनसाइट्समध्ये दिसत नाही. आणि संक्रांतीच्या गुळपोळीची ऑर्डर इथूनच सुरू होते.

पायरी ६: पैसे टाकून जाहिरात, कधी आणि किती

पहिला महिना टाकूच नका. ज्या रीलला आपोआप मेसेज आले तेच रील पुढे जाहिरातीला वापरायचं. जे फुकटात चाललं नाही ते पैसे टाकून क्वचितच चालतं.

रीलखालचं बूस्टचं बटण (पैसे देऊन तेच रील जास्त लोकांना दाखवायचं) सोपं आहे पण मेटा ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती लावायच्या साइटवर, जास्त काही ठरवता येतं, एक संध्याकाळ बसून शिकून घ्या. तुम्हाला हवंय ते म्हणजे "व्हॉट्सॲपवर मेसेज" हे उद्दिष्ट, लाइक किंवा व्ह्यू नव्हे. जागा निवडताना अख्खा महाराष्ट्र नको, तुम्ही जिथे डबा पोचवू शकता तेवढाच परिसर, नकाशावर पिन टाकून किलोमीटर ठरवता येतात. पैसे यूपीआयने भरता येतात.

हिशोब असा करायचा. समजा रोज २०० रुपये, पाच दिवस, झाले १०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. त्यातून पंचवीस मेसेज आले, आठ ऑर्डरी झाल्या, तर एक नवीन गिऱ्हाईक साधारण १४८ रुपयांना पडलं. सहाशेच्या ऑर्डरवर तुम्हाला सगळं जाऊन १८० सुटत असतील तर हातात उरले ३२. वाईट वाटलं ना? पण तीच बाई संक्रांतीला आणि पुढच्या दिवाळीला आली तर तेव्हा हा खर्च नाही. म्हणून ॲडमधून आलेलं गिऱ्हाईक वहीत नोंदवायलाच हवं. आणि आठच्या जागी चारच ऑर्डरी आल्या तर थांबा, आधी फोटो, किंमत, रिप्लाय यातलं काय अडतंय ते बघा, बजेट वाढवू नका.

फूड ब्लॉगरना डबा पाठवायचा असेल तर लाखवाला नको, तुमच्याच शहरातला, ज्याच्या कमेंटमध्ये खरे लोक बोलतात असा बघा. पैसे किंवा फुकट माल देऊन करून घेतलेली पोस्ट असेल तर तसं लिहायला सांगा, एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे २०२१ चे नियम तेच सांगतात.

पायरी ७: गूगलवर नाव

थोडक्यात. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, "माझ्या जवळ फराळ" असं शोधणाऱ्याला तुम्ही दिसता. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि भीतीपोटी त्या करतच नाहीत. डबा पोचला की दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूची लिंक पाठवा. नातेवाइकांकडून एका दिवसात वीस फाइव्ह स्टार घेऊ नका, कोणालाही ओळखू येतं.

कोणते आकडे बघायचे

फॉलोअरचा आकडा सोडा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ ॲप्स बंद केली तेव्हा लाखो फॉलोअर असलेल्यांचं एका रात्रीत सगळं गेलं, कोणाचा नंबर नाही, काही नाही. फॉलोअर म्हणजे भाड्याचं घर हो, मालक उठ म्हणाला की उठायचं. तुमची मालकीची गोष्ट म्हणजे ती वही, किंवा गूगल शीट. त्यात पाच रकाने: नाव आणि नंबर, काय घेतलं, किती रुपयांचं, कधी, आणि "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हा शेवटचा प्रश्न प्रत्येक नवीन माणसाला विचाराच. सीझनच्या शेवटी मोजा. गंमत म्हणजे बहुतेकींच्या वहीत "मैत्रिणीने सांगितलं" हे सगळ्यात वर असतं. मग पुढच्या वर्षी ॲडचे थोडे पैसे वळवून जुन्या गिऱ्हाइकांच्या डब्यात एक जास्तीचं पाऊच टाका, "हे तुमच्या शेजारणीला" म्हणून. तेही मार्केटिंगच आहे. आणि मागच्या वर्षीचे किती परत आले हा एक आकडा काढा, तो घसरत असेल तर गडबड रीलमध्ये नसून कढईत आहे.

वाईट कमेंट आली तर

येणारच. "चकली मऊ होती, पैसे वाया" असं कोणी लिहिलं तर डिलीट करू नका आणि नवऱ्याच्या अकाउंटवरून भांडूही नका. कमेंटखाली दोन ओळी, "ताई, सॉरी, असं व्हायला नको होतं. तुम्हाला फोन करतेय." मग खरंच फोन करा, कोणत्या दिवशीच्या तळणातली होती ते बघा, बदलून द्या किंवा पैसे परत करा. बाकीचे लोक तक्रार वाचतात तसं तुमचं उत्तरही वाचतात. आणि एखादा नुसता खोडसाळ असेल, ज्याने कधी घेतलंच नाही, तर एकदा नम्रपणे "तुमची ऑर्डर आमच्याकडे दिसत नाहीये, तारीख सांगाल का?" एवढं विचारून गप्प बसा.

फसवणुकीचे प्रकार

पेज जरा चालायला लागलं की हे सुरू होतं, म्हणून आधीच सांगते. "मी आर्मीतून बोलतोय, कॅम्पसाठी पन्नास किलो लाडू हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा." भाव न करता मोठी ऑर्डर देणारा, चव न बघता घेणारा, आणि पैसे देण्यासाठी तुम्हालाच काहीतरी स्कॅन करायला लावणारा, तिथेच फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार.

दुसरा प्रकार, पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट. दिवाळीच्या धांदलीत मुलगा खाली येऊन स्क्रीनशॉट दाखवतो आणि डबे घेऊन जातो. बँकेचा मेसेज किंवा ॲपमधली एंट्री बघितल्याशिवाय डबा द्यायचा नाही, मग समोरचा कितीही घाईत असो.

तिसरा, "तुमच्या पेजने कॉपीराइट मोडलाय, २४ तासांत या लिंकवर लॉगिन करा नाहीतर अकाउंट बंद." निळ्या टिकचं चित्र वगैरे लावून येतं. लिंक उघडू नका. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आणि इन्स्टाग्रामला टू-फॅक्टर आजच चालू करा, आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, पेज सांभाळणाऱ्या माझ्यासारखीलाही नाही, आम्हाला तो लागत नाही. आम्हाला पेजचा ॲक्सेस देता येतो, पासवर्ड न देता.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा, सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे हे तीनही नंबर-पत्ते रेटकार्डसोबत फ्रिजवर चिकटवून ठेवा.